ग्लास संपेपर्यंत

"आ करा, आजी. अजून मोठा."

आजींनी आ केला. दातांच्या डॉक्टरबाईंनी छोटा आरसा आत सरकवला आणि समोरच्या दातापाशी त्या थांबल्या. दाताच्या टोकाला बारीकशी खाच होती.

"शिवणकाम करत होता का?"

"आँ," आजी आ तसाच ठेवून म्हणाल्या. बावन्न वर्षं त्यांनी दातानेच दोरा तोडला होता. कात्री मांडीवरच असायची, पण ती उचलायला वेळ कुणाला होता!

"ती खाच जुनी आहे, तिची काळजी नाही. पण बाकीचे दात..." डॉक्टरबाईंनी दातांवर हलकीशी हवा सोडली. आजी खुर्चीतून वीतभर उडाल्या.

त्यांचा मुलगा भिंतीला टेकून उभा होता. अंगात बसचालकाचा गणवेश, हातात किल्ल्या. शेजारी स्टूल रिकामं होतं, पण चार वाजता त्याची फेरी सुटायची, आणि उभ्या माणसाला निघायला सोपं जातं.

"इनॅमल झिजलंय," डॉक्टरबाई म्हणाल्या. "म्हणजे दातांवरचं कवच. रोज आंबटगोड असं काही घेता का?"

"प्रोटीनचं पेय," उत्तर मुलानेच दिलं. "खुब्याच्या ऑपरेशननंतर नुसता सापळा उरला होता हिचा. रोज दुपारी एक ग्लास द्या म्हणून सांगितलंय. दुधातलं हिला सोसत नाही, म्हणून संत्र्याच्या चवीचं आणतो. पाण्यात ढवळून देतो."

"ते बंद नका करू, अंगाला हवंच आहे. पण त्यात आंबटपणा असतो. ग्लास संपायला किती वेळ लागतो?"

मुलाने किल्ल्या या हातातून त्या हातात घेतल्या. "दीड तास."

"एका ग्लासाला?"

"रोज कानीकपाळी ओरडतो, एका दमात पिऊन टाक म्हणून. ऐकेल तर शपथ! आधी तर गुपचूप कुंडीत ओतायची. कुंडीला मुंग्या लागल्या तेव्हा चोरी पकडली. तेव्हापासून ग्लास संपेपर्यंत मी समोरून हलत नाही. दोन फेऱ्यांमधली माझी सगळी सुट्टी तिथेच जाते."

आजी छताकडे बघत राहिल्या. कुंडीचा विषय त्यांना आवडत नसे.

"आजी, एकदम प्यायलात तर तोंडातली लाळ थोड्या वेळात सगळं धुऊन काढते," डॉक्टरबाई समजावू लागल्या. "पण तुम्ही दर पाच मिनिटांनी घोट घेता, म्हणजे तिला उसंतच नाही. दात दीड तास आंबटात भिजत पडतात. वर लगेच ब्रश करत असाल?"

"खसाखसा," आजी अभिमानाने म्हणाल्या.

"तेही नको. कवच तेव्हा मऊ पडलेलं असतं. आणि आजपासून ग्लास पाच मिनिटांत संपवायचा."

"पाच मिनिटांत?" आजींचा चेहरा पडला.

तेवढ्यात मुलाचा फोन वाजला. डेपोतून होता. तो बाहेर गेला आणि जाताना त्याने दार नुसतंच लोटलं.

आजींनी डॉक्टरबाईंची बाही धरली. "बाई, दुसरा काही उपाय नाही का? हवं तर दात काढून टाका. कवळी बसवा."

"अहो, टिकण्यासारखे दात कशाला काढू?"

आजींनी दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. पण जन्मभर शिवणयंत्राच्या खडखडाटावर आवाज चढवून बोललेली बाई ती. तिचं कुजबुजणंही दोन खोल्यांपलीकडे ऐकू जायचं.

"ग्लास संपला की तो उठतो," त्या म्हणाल्या.

डॉक्टरबाईंनी हातातला आरसा बाजूला ठेवला.

"आधी यायचा, उभ्या उभ्या 'बरी आहेस ना?' विचारायचा आणि जायचा. त्याचा काय दोष? दोन दोन पाळ्या करतो बिचारा. पण ग्लास घेऊन समोर बसला ना, की बोलतो. परवा शाळेतलं काहीबाही आठवून एकटाच हसत सुटला. किती वर्षांनी हसला! मी शेवटचा घोट तोंडातच धरून बसले, गिळला तर संपेल म्हणून." आजींनी डोळे पदराने टिपले. "त्याला नका हो सांगू. उगाच मनाला लावून घेईल."

बाहेरचं फोनवरचं बोलणं केव्हाच थांबलं होतं.

डॉक्टरबाईंनी आजींचा हात थोपटला आणि टेबलाशी जाऊन कागद पुढे ओढला. मग लिहू लागल्या. मुलगा आत आला तेव्हा त्यांनी मान वर केली नाही.

"नीट ऐका," लिहिता लिहिताच त्या म्हणाल्या. "प्रोटीन पाच मिनिटांत संपवायचं. मग साधं पाणी, मोठा ग्लास भरून. ते मात्र घोट घोट, सावकाश. तासभर तरी. आणि तेवढा वेळ कुणीतरी समोर बसायला हवं. तुमच्या आईंचा काही भरवसा नाही, पाणीसुद्धा कुंडीत ओततील."

आजींनी डॉक्टरबाईंकडे पाहिलं. मग घाईघाईने मान फिरवून त्या खिडकीबाहेर बघू लागल्या.

मुलाने किल्ल्या खिशात टाकल्या. पायाने स्टूल ओढलं आणि तो आईच्या खुर्चीला लागून बसला.

"दीड तास लिहा, डॉक्टर," तो म्हणाला. "तासाभरात आमचं होत नाही."