अण्णारावांचा फेटा

फेटेवाल्याला अण्णारावांनी तिसऱ्यांदा परत पाठवलं.

"माझा फेटा व्यंकट बांधील," ते म्हणाले. "निघाला का तो?"

व्यंकटराव म्हणजे त्यांचा धाकटा भाऊ, रेणापूरचा. अठ्ठावन्न वर्षांपूर्वी अण्णारावांच्या लग्नात त्यानंच भावाचा फेटा बांधला होता. तेव्हा त्याला मिसरूडही फुटलं नव्हतं. पुढं घरात जेवढी कार्यं झाली, त्यांत अण्णारावांच्या डोक्याला दुसऱ्या कुणाचा हात लागला नाही. आज नातीची, शिवांगीची हळद होती. उद्या लग्न.

नांदेडच्या त्या घरात भांडायला फेट्याशिवायही पुष्कळ होतं. चायनीजचा स्टॉल सुनेनं, उज्वलानं, रद्द केला होता. शिवांगीनं तो परत लावला. शेवटी आचारी दोघींचेही फोन उचलेनासा झाला. रुखवतातलं थर्माकोलचं मंदिर मांजरानं पाडलं. कळस काही सापडला नाही. आहेराच्या साड्यांवरच्या चिठ्ठ्या पंख्यानं उडाल्या, आणि विहिणीची साडी कोणती नि शेजारणीची कोणती, हे आता साड्यांनाच माहीत होतं.

दहाच्या सुमारास फोन वाजला. म्हातारा-म्हातारीत मिळून तो एकच फोन होता, आणि अण्णारावांसाठी त्यातल्या बोलण्याचा आवाज कायम शेवटपर्यंत वाढवलेला असे. ते भिंतीकडे तोंड करून खाटेवर पडले होते. कानातलं मशीन खिडकीत काढून ठेवलेलं. बायकोनं, लक्ष्मीबाईंनी, फोन उचलला.

"मोठीआई, नाना पहाटं गेले," पुतण्या, व्यंकटरावांचा दयानंद, म्हणाला. "तुलाच सांगून राहिलो. माझ्यापायी पोरीचं लगीन थांबवू नका, असं रातीच म्हणाले ते. आबाला कळू देऊ नको."

लक्ष्मीबाईंनी खाटेकडे पाहिलं. अण्णारावांची पाठ हलली नाही.

बातमी कानावर पडली की तेव्हापासून सुतक. नाही पडली, तर नाही. दुपारी देवक बसायचं होतं. नवरा मुलगा आठवड्यानं जहाजावर रुजू होणार होता, तो वर्षभर परतणार नव्हता. आणि अण्णारावांना कळलं असतं, तर कार्य टाकून ते रेणापूरला निघाले असते.

"बरं," एवढंच म्हणून त्यांनी फोन ठेवला.

घरात त्यांनी सांगितलं, व्यंकटरावांना ताप आहे, रेणापूरचं कुणी येणार नाही. लग्नातच कसा ताप येतो, असं उज्वलानं विचारलं. मागचं मानपान धरून बसले असतील, असंही ती म्हणाली. लक्ष्मीबाईंनी ऐकून घेतलं. देवकाला हात लावायची वेळ आली तेव्हा त्या गुडघा धरून बसल्या. हळद लावायला बोलावलं तेव्हा त्यांना बीपीची गोळी आठवली.

"आई, तुम्ही तर पाहुण्यांसारख्या वागून राहिल्या," उज्वला म्हणाली.

मशीन कानाला लावून अण्णारावांनाही तापाचं सांगितलं. "असं का," ते म्हणाले. त्यानंतर व्यंकटचं नाव त्यांनी काढलं नाही. लक्ष्मीबाईंना हायसं वाटलं. या वयात विसर पडतो, ते एका परीनं बरंच.

लग्नाला ते उघड्या डोक्यानं आले. व्याह्यांनी स्वतः फेटा पुढं केला, तर उकडतंय म्हणाले. फोटोत आबा एकटेच बोडके दिसणार म्हणून शिवांगी रुसली. त्यांनी तिच्या गालाला हात लावल्यासारखं केलं आणि मागंच घेतला.

अक्षता वाटल्या गेल्या. सुतकाच्या हातानं नातीच्या डोक्यावर कशा टाकायच्या, म्हणून लक्ष्मीबाईंनी आपली मूठ पदराच्या टोकाला गुपचूप बांधली. शेजारी अण्णाराव दर मंगलाष्टकाला नवीन मूठ मागून घेत होते. दर 'सावधान'ला त्यांचा हात वर जात होता. चौथ्यांदा मागितल्यावर वाटणारी मुलगी हसली.

संध्याकाळी शिवांगी सासरी गेली. घर एकदम मोठं झालं. लक्ष्मीबाईंनी पाण्याचा तांब्या भरून खाटेजवळ ठेवला. आता सांगायलाच हवं होतं.

"अहो, बसा जरा. एक सांगायचंय."

"आधी कोट घे," ते म्हणाले.

लक्ष्मीबाईंनी कोट घेतला. खुंटीला लावण्याआधी सवयीनं झटकला, आणि दोन्ही खिशांतून अक्षता फरशीवर ओघळल्या, मागून घेतलेल्या सगळ्या मुठी.