निनादचा स्वेटर

सर्पमित्र धनंजयने पिशवीतून निनादचा तपकिरी स्वेटर काढून कुंदाकाकूंसमोर टेबलावर ठेवला. आत वेटोळं घातलेला अजगर मरून पडला होता.

"काकू, पाचगणीच्या जंगलात तुम्हीच सोडलात ना याला?"

काकूंनी मान डोलावली. त्यांचा मुलगा निनाद अपघातात गेल्यापासून त्याने पाळलेला हा अजगर त्याच सांभाळत होत्या. त्याला उंदीर भरवणं त्यांना जड जायचं. मोकळा सुटला तर सुखात राहील, असं वाटून त्यांनी त्याला सोडलं होतं. थंडी होती, म्हणून निनादच्या स्वेटरमध्ये गुंडाळून.

"आफ्रिकेतला जीव हा. घरात दिव्याच्या उबेवर जगत होता. इथली थंडी कशी सोसणार?"

"म्हणून तर स्वेटर दिला रे त्याला."

धनंजय जरा घुटमळला. "स्वेटर ऊब देत नाही, काकू. आपल्या अंगातली धरून ठेवतो. सापाच्या अंगात स्वतःची ऊब नसते."

त्याने अजगर अलगद बाजूला घेतला. काकूंनी रिकामा स्वेटर गालाला लावला.

"निनाद गेल्यापासून मी हा अंगावर घेऊन झोपायचे," त्या म्हणाल्या. "मग ती ऊब माझीच होती होय?"