खांद्यावरचा टॉवेल

संघातून काढताना कोचसर सगळ्यांसमोर म्हणाले, “तुझे पाय पळतात रे, पण सांगितलेलं डोक्यात राहत नाही. गाशा गुंडाळ.” पोरं हसली. मी डूख धरला. आज नव्या क्लबकडून, महिन्याच्या कच्च्या करारावर, सरांच्याच संघाविरुद्ध उतरलो. सरांच्या संघात असताना बाकावर बसून मी खेळ कमी आणि सरांच्या खांद्यावरचा टॉवेल जास्त पाहिला होता. तो या खांद्यावरून त्या खांद्यावर गेला, की बचावफळी एकदम पुढे सरकायची आणि समोरचा स्ट्रायकर फळीमागे एकटा उरून ऑफसाइड सापडायचा. मला काढलं, पण खूण बदलायचं सरांना सुचलं नाही. टॉवेल हलला. मीही त्यांच्या फळीसोबत सरकलो आणि पास सुटल्यावरच वळून पळालो. समोर उरला गोलकीपर. गोल मारून सोबत्यांना टाळत थेट सरांकडे गेलो. गवतावर पडलेला टॉवेल झटकून त्यांच्या खांद्यावर ठेवला. “सर, एवढं मात्र राहिलं डोक्यात.”