सायकलच्या हँडलाचं विमान

मुंजाजीने डावा पाय दाबला आणि भिंतीवरचा कवडसा उजवीकडे सरकून चुन्याच्या गोलात अलगद जाऊन बसला.

"बघा!" जळबा म्हणाला. पोराकडे बोट दाखवून त्याला दुसरं काही म्हणायचंच नव्हतं.

कुरुंद्यातल्या त्या अंगणात सायकलचं हँडल एका खुंटावर असं बसवलं होतं, की स्टुलावर बसल्या बसल्या दोन्ही पाय त्याच्या दोन टोकांना लागावेत. हँडलच्या मध्यावर आरसा बांधलेला. त्यावर पडलेलं सकाळचं ऊन समोरच्या भिंतीवर उमटायचं. हँडलला एक दोरी होती, ती लक्ष्मीबाईने मनाला येईल तेव्हा हिसडायची. तो वारा. वाऱ्याने कवडसा गोलाबाहेर फेकला, की मुंजाजीने पायांनी तो परत आणायचा. हे झालं विमान.

मुंजाजी म्हणजे जळबा-लक्ष्मीबाईचा एकुलता एक, नुकताच बी.एस्सी. झालेला. हवाई दलाने त्याला म्हैसूरला वैमानिकाच्या परीक्षेला बोलावलं होतं. तिथे खुर्चीवर बसवतात, पुढच्या काचेवर उजेडाचा एक ठिपका पळत असतो आणि तो हातापायांनी जागेवर धरायचा असतो. नांदेडच्या कॉलेजातला एक मुलगा नापास होऊन आला होता, त्याने एवढंच सांगितलं. पायांचं अवघड जातं म्हणाला. आणि ही परीक्षा जन्मात एकदाच देता येते, हेही त्यानेच सांगितलं.

मग सरावाचं यंत्र कशाचं करायचं, यावरून घरात वाद पेटला. मुंजाजीचं म्हणणं, पायाखाली दोन फळ्या घेऊ आणि त्यांना बैलाच्या कासऱ्यासारखी दोरी लावू. जळबाने ते उडवून लावलं. "इमान काय बैल हाय व्हय? यंत्राला यंत्रच पायजे." आणि त्याने स्वतःची सायकल खोलली. जळबा सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यावर पाणी सोडणारा पाटकरी होता, सायकलवाचून त्याचं पान हलत नसे. तेव्हापासून तो पायी कामावर जात होता. वाटेत कुणी सायकलची चौकशी केली, तर "पोरगं उडवून राहिलं" असं ऐटीत सांगत होता.

आज दुपारच्या एसटीने मुंजाजी निघायचा होता. म्हणून धरणावरचा पहारेकरी रामसिंग मुद्दाम आला होता. रामसिंगची आधीची नोकरी विमानतळावर, विमानांच्या चाकांना ठोकळे लावायची. मोठ्या रजेवरून तो कालच परतला होता. त्याने बशीतला चहा संपवला, हँडलकडे पाहिलं, भिंतीकडे पाहिलं.

"जळबाभाई, ये तो उल्टा है."

"काय उल्टं?"

"बायाँ पैर दबाया, तो विमान बायें जाता. मैं रोज देखता था."

"असं कसं?" जळबा चिडला. "हँडलचं डावं टोक रेटलं, की चाक उजवीकडं जातंय. समद्या दुनियेत जातंय."

"सैकल का जाता. विमान सैकल नहीं है."

"मग काय हाय?"

रामसिंगने जरा विचार केला. "बैल समझो."

कुणी हसलं नाही. लक्ष्मीबाईच्या हातातली दोरी तशीच राहिली. जळबा गोठ्यात गेला आणि कासरा घेऊन आला. दोन फळ्या मांडल्या, दोऱ्या आवळल्या. आता डावी फळी दाबली, की हँडलचं डावं टोक मागे ओढलं जाऊ लागलं आणि कवडसा डावीकडे जाऊ लागला. महिन्यापूर्वी मुंजाजी म्हणाला होता, अगदी तसंच.

मुंजाजी बसला. लक्ष्मीबाईने दोरी हलकेच ओढली. त्याचा डावा पाय गेला, मग उजवा, मग दोन्ही एकदम. कवडसा भिंतीवरून उडून शेजारच्या केशरबाईच्या पत्र्यांवर गेला, तिथून तिच्या म्हशीच्या डोळ्यांत. म्हैस दावं तोडायला बघू लागली.

"महिनाभर पाठ केलं, तेच करून राहिले पाय," मुंजाजी रडवेला होऊन म्हणाला. "रामसिंगभाऊ, पक्कं आठवतंय ना तुमाला?"

"पक्का," रामसिंग म्हणाला. मग स्वतःच्याच पायांकडे बघत बसला. "पक्काच है."

जळबाला वाटलं, आपल्याच थोबाडीत मारून घ्यावी.

"लेकराला चकवा लागला," लक्ष्मीबाई हळूच म्हणाली. "रानात चकवा लागला अन् वाट घावंना, तर वहाणा बदलायच्या. डावी उजव्यात, उजवी डाव्यात. पाय ताळ्यावर येतात. माझी माय सांगायची."

"माय! मी म्हैसूरला उलट्या चपला घालून जाऊ?"

"बुद्धाची दीक्षा घेतली तवाच सोडलं ना ते समदं?" जळबाही तिच्या अंगावर ओरडला. "काहून भरवून राहिली पोराच्या डोक्यात?"

ती दोरी गुंडाळू लागली.

एसटीत मुंजाजीला खिडकी मिळाली. तो ओठ हलवत होता आणि आत त्याचे गुडघे एकेक करून वरखाली होत होते. गाडी हलली तसा जळबा खिडकीबरोबर धावला. "बैल समज रे!" तो ओरडला. मुंजाजीला ऐकू गेलं की नाही, कळलं नाही.

धुरळा खाली बसला. जळबाची कालव्यावर पाळी होती, तो तिथूनच निघाला. त्याची चाल लक्ष्मीबाईला वेगळीच वाटली. तिने खाली पाहिलं. डाव्या पायात उजवी वहाण होती, उजव्यात डावी. करंगळीवर चामडं रुतलं होतं.

"अवो," ती म्हणाली, "चकवा त्याला लागला."

"त्याला घातला कुनी चकव्यात?" जळबा न थांबता म्हणाला. "तो येईस्तोवर ऱ्हाऊ दे अशाच."

आणि तो लंगडत, बांधाबांधाने कालव्याकडे चालू लागला.