तळाशी तीन

वडिलांसमोर घरात कुणाचं वाक्य पूर्ण होत नसे. दुसऱ्याच शब्दाला ते आडवे येत. मग जिमच्या ट्रेनरने त्यांना संथ स्क्वॉट्स, म्हणजे वजन घेऊन बैठका, करायला दिल्या. चार मोजत श्वास घेत खाली जायचं, तळाशी श्वास रोखून तीन मोजायचे, श्वास सोडत वर यायचं. "मध्ये बोललात तर कंबर गेलीच म्हणून समजा."

घरी मोजायला लेक बसली. खांद्यावर वजन घेऊन वडील तळाशी पोचले.

"एक. बाबा, मी बँक सोडली. दोन. तीन. वर."

वर येताच पुढचं "खाली" तयार होतं, आणि अर्धा सेट सोडणं वडिलांच्या तत्त्वात बसत नव्हतं.

"एक. गेल्या महिन्यातच. दोन. आता पोहायला शिकवते. तीन. वर."

वडील लालबुंद झाले.

"एक. पगार निम्मा आहे. दोन. परत जाणार नाही. तीन. गुडघे आत पडतायत, बाबा. वर."

वडिलांनी वजनाचा दांडा स्टँडवर आदळला आणि धापा टाकत म्हणाले, "हे समोर बसून सांगायला काय झालं होतं?"

"बसलात की तुम्ही बोलता."

वडील घोटभर पाणी प्यायले. "कुणी बुडत नाही ना?"

"अजून तरी नाही."

"मग ठीक आहे."

एवढ्यात आई हात पुसत आत आली. "सरक गं. पुढचा सेट मी मोजते. आणि तळाशी तीन नाही, तीस. माझं लग्नापासूनचं साठलंय."