तिसरी सही

मालकांनी खुर्च्यांचा कारखाना व्हिएतनामला हलवला, त्याला आज वर्ष भरत होतं. सरकारी मदतीच्या अर्जावर तिघा कामगारांच्या सह्या लागत आणि मुदत आज संध्याकाळी पाचला संपत होती. बाकीचे पोटामागे परगावी पांगलेले. वर्नाकडे स्वतःची धरून दोनच सह्या. ती तिसरीसाठी गावात उरलेल्या जुन्या सोबती कामगाराच्या, हायरमच्या दारी गेली. तो कामाचे बूट घालून, डबा मांडीवर घेऊन पायरीवर बसला होता, रोजच्यासारखा. “मालक तात्पुरतं बंद म्हणालेत,” तो म्हणाला. “सही केली म्हणजे आपणच कारखान्याला मूठमाती दिली.” “अरे, यंत्रं खोक्यांत भरून खिळे तूच ठोकलेस ना!” वर्नाचा आवाज फाटला. “माझं घर जातंय. भीक मागते समज.” त्यानं कागद डब्यावर ठेवून सही केली. डबा दारातल्या बायकोला दिला. “उद्यापासून भरू नकोस,” म्हणाला, आणि बुटांच्या नाड्या सोडायला वाकला तो कितीतरी वेळ वर आलाच नाही.