सक्तीची रजा

"मानवी शरीरासारखी शिस्त जगात कुठेच नाही!" निवृत्त फौजदार असलेल्या आबांनी दवाखान्यात जाहीर केलं.

"तुमच्या नातीच्या शरीरातले पोलीस, म्हणजे रोगप्रतिकारक पेशी, मात्र आपल्याच माणसांना बडवतायत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींना. या औषधाने त्या पोलिसांना सक्तीच्या रजेवर पाठवू. मधुमेह कायमचा टळणार नाही, पण दोन-तीन वर्षं लांबू शकेल."

खात्याचा हा अपमान आबांनी गिळला. चौदा दिवस रोज सलाईनमधून औषध जायचं. आठवीतल्या इरावतीच्या डाव्या हातात सुई असायची आणि उजवा हात आबांच्या ताब्यात, आरोपी पळून जाईल की काय, इतका घट्ट.

शेवटच्या दिवशी बाटली संपत आली, तेव्हा डॉक्टरीणबाई रिपोर्ट घेऊन आल्या. "साखर जागच्या जागी आहे. इन्सुलिनची सुई सध्या तरी नको."

"म्हणजे हिची दहावी निर्धास्त पार पडेल," आबा म्हणाले. ज्यांच्या आवाजाने चौकी हादरायची, त्यांनी नातीचा हात आणखीच घट्ट धरला.

"आबा," इरावती हळूच म्हणाली, "आता तरी हात सोडा ना. केव्हापासून नाकाला खाज सुटलीय."